अकरा फाकांची पृथ्वी

मामांनी समुद्र गाळला तो निव्वळ नाइलाजानं. शाळेला सोमवारी सकाळी तीस पृथ्वीगोल पोचवायचे होते, कारखान्याचे मालक आणि मामांचे भाऊजी असलेले काका वरच्या मजल्यावर तापानं फणफणले होते, आणि पोकळ चेंडूंची जी खोकी आली त्यांतले सगळे चेंडू एक माप लहान निघाले होते.

पृथ्वीगोल बनवण्याची रीत सोपी आहे. जगाचा नकाशा दोन्ही टोकांना निमुळत्या अशा बारा पट्ट्यांवर छापलेला असतो. सोललेल्या संत्र्याकडे बघून कुणीतरी त्यांना फाका म्हणायला सुरुवात केली आणि कारखान्यात तेच नाव पडलं. फाक खळीत भिजवायची, चेंडूवर उभी चिकटवायची, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. बारावी फाक पहिलीच्या काठाला काठ लावून बसली की जग पूर्ण झालं. मग दोन्ही ध्रुवांवर एकेक गोल चकती आणि सगळ्यावर वार्निशचा हात.

लहान चेंडूवर बारावी फाक बसेना. मामांनी ती रेटून पाहिली, ओढून पाहिली, एकदा तर रागानं उलटी लावून पाहिली. शेवटी त्यांनी बाराही फाका टेबलावर ओळीनं मांडल्या आणि जगात कशावाचून चालण्यासारखं आहे याचा शांतपणे विचार केला. एका फाकेवर फारसं काही नव्हतं. वर एका बर्फाळ बेटाचा लचका, खाली एका खंडाचं पुढं आलेलं टोक, आणि मध्ये सगळं निळं. अटलांटिक महासागराचा मधला भाग.

"नुसतं पाणी तर आहे," मामा स्वतःशी म्हणाले. "पाणी कोण मोजतंय!"

उंचीला जास्त झालेला कागद त्यांनी दोन्ही ध्रुवांकडे कातरून टाकला आणि वरून चकत्या डकवल्या. सोमवारी तीस पृथ्वीगोल शाळेत पोचले. एकतिसावा, ज्याच्या स्टँडचा पाय जरा खरचटला होता, तो वर घरी कपाटावर जाऊन बसला. उरलेल्या समुद्राची गुंडाळी करून मामांनी ती खळीच्या डब्यांमागे कोंबली आणि विषय मिटवला.

ताप उतरल्यावर काका खाली आले. कारखान्यात हिंडले, ब्रश धुतले, उघडे राहिलेले डबे झाकून ठेवले.

"काम नीट झालं का रे?"

"एकदम चोख, भाऊजी."

"हं," काका म्हणाले. मामांना ते ‘हं’ शाबासकीचं वाटलं.

काका मोजून-मापून बोलणारा माणूस. गल्लीत त्यांना भूगोलकाका म्हणत. आयुष्यात त्यांनी काही हजार वेळा जग बनवलं होतं आणि स्वतः मात्र अटलांटिकच्या अलीकडच्या काठावरच्या आपल्या शहराबाहेर फारसे पडले नव्हते. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना पाण्याची भीती वाटायची. जमिनीवरून कुठंही न्या. खाली पाणी आलं की संपलं. लग्न झाल्यावर काका-काकू एकदा बोटीनं किनाऱ्यावरच्या एका गावी गेली होती. पाच तासांचा प्रवास. येताना दोघं बोट सोडून दिवसभर बसचे धक्के खात आली. ही गोष्ट काकू आल्यागेल्याला रंगवून सांगत. "यांची बोटं कठड्यावरून सुटेनात! खलाशाला बोलवावं लागलं!" पाहुणे हसत. काका शेजारी बसून मान हलवत.

आणि नेमकी यांचीच लेक सहा वर्षांपूर्वी अटलांटिकपलीकडच्या शहरात नोकरीला गेली. दरवर्षी तीच इकडे यायची. स्वस्तातलं तिकीट काढून, दोन विमानं बदलून, मध्ये कुठंतरी बाकावर झोपून. त्यामुळे ‘एक दिवस जातो’ यापलीकडे त्या अंतराचं माप घरात कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही या, असं ती दर वेळी म्हणायची आणि काका दर वेळी पाण्याचं कारण सांगायचे.

त्या आठवड्यात तिचा फोन आला तो लग्नाचा. नोंदणी कचेरीत सही करायची, वीस माणसांचं जेवण, बस्स. मुलगा तिच्याच प्रयोगशाळेतला.

"बाबा, दर वेळी मी येते. या वेळी तुम्ही दोघं या," ती म्हणाली. "नाही आलात तर मी रागावणार नाही. पण लग्नात तुम्ही नव्हतात, हे मग कायमचं राहील."

काकू "दूध ठेवलंय गॅसवर" म्हणून उठल्या. काका त्या गेल्या त्या दाराकडे बघत राहिले. मग फोनमध्ये म्हणाले, "बघतो, बेटा. दोन दिवस दे."

रविवारी दुपारी काकांनी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली घेतला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि शिवणाच्या डब्यातून दोरा मागितला.

"कशाला?" काकूंनी विचारलं.

"विमान किती वेळ घेतं ते बघू या. या वेळी थेट विमान आहे म्हणतेय ती."

"विचारा की तिलाच."

"ती सांगेल ते तिच्या घड्याळाचं. माप ते माप."

त्यांनी दोऱ्याचं एक टोक आपल्या शहरावर धरलं, दुसरं पलीकडच्या शहरावर आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा आपोआप उत्तरेकडे सरकला. सपाट नकाशावर विमानाची वाट कमानीसारखी वाकडी दिसते, पण गोलावर तीच सगळ्यांत जवळची असते. हे काकांनी शाळांमधल्या किती मुलांना दाखवलं असेल त्याला गणती नाही. दोरा पट्टीवर ठेवून त्यांनी हिशेब केला आणि जरा मोठ्यानंच, स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितला.

"साडेतीन-पावणेचार हजार किलोमीटर. म्हणजे चढणं-उतरणं धरून पाच तास."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

"पाचच?"

"पाच."

"म्हणजे बोटीइतकेच."

"बोटीइतकेच. आणि बोट हलते, विमान तेवढं हलत नाही."

काकू पृथ्वीगोलाजवळ आल्या. दोन्ही शहरांवर त्यांनी दोन बोटं ठेवून पाहिली. अंतराच्या बाबतीत घरात काकांचा शब्द शेवटचा. चुलत्याच्या घरापासून बसथांबा किती लांब हेसुद्धा ते पावलं टाकून सांगत, आणि ते कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"पाच तास तुम्हाला झेपतील?" काकूंनी विचारलं.

"झेपतील असं वाटतंय. तू बरोबर असलीस तर."

"मग कळवा तिला. येतो म्हणावं."

लेक फोनवर रडली, हसली, पुन्हा रडली आणि तासाभरात तिनं तिकिटं काढून पाठवली. परत न करता येणारी.

मामा त्या दिवशी बाहेर गेले होते. संध्याकाळी आले तर टेबलावर पृथ्वीगोल, शेजारी दोरा, आणि त्यांची ताई, म्हणजे काकू, बॅगा झाडतेय. काय झालं ते कळल्यावर ते आधी खुर्चीवर बसले, मग उठून ताईला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि दार लोटून घेतलं.

"ताई, एक घोटाळा झालाय. त्या गोलात समुद्र कमी आहे."

"म्हणजे?"

मामांनी सगळं सांगितलं. लहान चेंडू, सोमवार, बारावी फाक.

"तू समुद्र काढलास?"

"सगळा नाही गं! मधला थोडा."

"मग खरं किती लागतात?"

मामांनी फोनवर शोधून तिच्यापुढं धरलं. आठ तास, वर थोडं. काकू स्टुलावर टेकल्या. त्यांच्या कपाळाला घाम आला होता; हाताचे तळवे गार पडले होते.

"बाई गं," त्या पुटपुटल्या. "यांचं कसं होणार!"

"सांगून टाकू या का भाऊजींना? मारतील फार तर."

"तुला काय मारायचं ते मी मारीन. त्यांना सांगितलंस तर ते यायचे नाहीत, आणि पोरीच्या लग्नात आई-बाप नाहीत असं होईल." काकू उठल्या. घाम पुसला. "एक शब्द बोलायचा नाही. पाच म्हणजे पाच. विमान उतरेपर्यंत."

असत्य टिकवायला सत्यापेक्षा बरीच जास्त मेहनत लागते, हे दोघांना पुढच्या तीन आठवड्यांत कळलं. पहिल्या दिवशी लेकीला फोन करून बजावलं, की बाबांपुढं आठ हा आकडा काढायचा नाही. "आई, त्यांना लहान मुलासारखं फसवताय?" लेक म्हणाली. "लहान मुलाला फसवणं सोपं असतं," काकू म्हणाल्या. "तुझा बाप पृथ्वी बनवतो." मग लेकीनंच एक नवी अडचण पुढं ठेवली. विमानात प्रत्येक खुर्चीपुढं पडदा असतो, त्यावर सगळं दिसतं, किती अंतर झालं, किती राहिलं, वेळ किती. काकूंनी पडद्याचं माप विचारून घेतलं आणि इलॅस्टिक लावून दोन अभ्रे शिवले. काकांचं मनगटी घड्याळ सेल संपल्याचं कारण सांगून मामांनी काढून घेतलं. ते चालूच होतं, म्हणून मोज्यात घालून माळ्यावर ठेवलं.

तिकिटाची पंचाईत झाली नाही, उलट मदतच झाली. सकाळी अकराला निघायचं आणि दुपारी दोनला पोचायचं, असं त्यावर छापलेलं होतं.

"हे बघा भाऊजी," मामांनी दोन वेळांवर दोन बोटं ठेवली. "तीनच तास! पाचसुद्धा नाहीत."

पलीकडच्या शहराचं घड्याळ पाच तास मागं असतं हे काकांना माहीत नसेल असं होणं शक्य नव्हतं. त्याच हिशेबानं ते सहा वर्षं लेकीला फोन करत होते. पण त्यांनी तिकीट लांब धरून पाहिलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "तीन का? अरे वा."

"एवढा हुशार माणूस," मामा नंतर ताईपाशी हळहळले. "भीतीनं बुद्धी पार गोठली बघ."

निघायला पाच-सहा दिवस उरले असताना शाळेतल्या भूगोलाच्या बाई आल्या. काखेत पृथ्वीगोल, चेहरा गंभीर. काकूंनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि मामांना खूण केली. दोघांनी बाईंना कारखान्याच्या दारातच अडवलं.

"हा तुमचाच ना?" बाईंनी गोल टेबलावर ठेवला. "वर्गात दोरा लावून अंतरं मोजायला दिली होती. तीस मुलांची तीस उत्तरं सारखी आली. आणि सगळी चूक. माझी मुलं इतक्या एकमतानं कधी चुकत नाहीत हो."

"कागद आटतो, बाई," काकू म्हणाल्या. "ओला असतो ना चिकटवताना."

"आटतो, मान्य. पण एकट्या अटलांटिकचाच आटला?"

"समुद्राचं सध्या काही खरं नाही," मामा म्हणाले. "पातळी म्हणे रोज—"

"पातळी वाढतेय. आणि वाढली तरी ती खंड जवळ नाही आणत." बाईंनी बोट ठेवलं. "हा खंड बघा. याचं पुढचं टोक कुठाय? मला एका मुलीनं विचारलं, बाई, याला अपघात झाला का?"

एवढ्यात आतल्या खोलीतून काका आले. कोपरापर्यंत खळ लागलेली. काकूंनी मामांचा दंड घट्ट धरला. काकांनी हात पुसले, गोल उचलला, एकदा सावकाश फिरवला. पूर्ण एक फेरा.

"निळा फिका उतरलाय," ते म्हणाले. "सगळे तीस परत पाठवा. चार दिवसांत नवे देतो."

"रंगाचं नाही म्हणत मी, काका. यात तर सरळ सरळ—"

"बाई, मी बघितलंय." काका त्यांच्याकडे बघत हळूच म्हणाले. "नवे देतो."

बाईंनी काकांकडे पाहिलं, मग मागं एकमेकांना धरून उभ्या असलेल्या भावाबहिणीकडे. काय समजल्या कोण जाणे. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मामांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे दोन कागद उडाले. पुढचे चार दिवस त्यांनी बरोबर मापाच्या चेंडूंवर तीस जगं पुन्हा चिकटवली, बारा फाकांची, आणि तोंडातून हूं की चूं केलं नाही.

विमानतळावर निरोप देताना मामांनी ताईच्या कानात विचारलं, "आणि विमानातून उतरल्यावर?"

"उतरल्यावर ते माझ्याशी भांडू देत. तिथं जमिनीवर कुठं जाणार आहेत पळून?"

खिडकीची जागा काकूंनी स्वतः घेतली, म्हणजे काकांना पाणी दिसायला नको. मधल्या खुर्चीत काका. कडेला एक अनोळखी माणूस. त्यानं बसताक्षणी आपल्या पडद्यावर काहीतरी लावलं आणि डोळ्यांवर पट्टी बांधून तो झोपला. काकूंनी पिशवीतून अभ्रे काढून दोन्ही पडद्यांना घातले.

"बाई, हे काय?" विमानातल्या सेवकानं विचारलं.

"यांच्या डोळ्यांना उजेड सहन होत नाही."

"बंद करता येतो की तो. इथं बटण आहे."

"बटण पुन्हा चालू करता येतं," काकू म्हणाल्या. "अभ्रा बरा."

विमान धावपट्टीकडे सरकलं आणि वैमानिकाचा आवाज आला. नमस्कार, स्वागत, हवा चांगली आहे, आणि आजचा आपला प्रवास... काकूंना खोकल्याची उबळ आली. असा खोकला त्यांना कधीच आला नव्हता. वैमानिक बोलत होता तोवर त्या खोकत राहिल्या. तो आकडा पुन्हा दुसऱ्या भाषेत सांगू लागला तेव्हा पुन्हा खोकल्या. सेवक पट्टा सोडून पाणी घेऊन धावत आला.

"बरं वाटतंय ना? नाही, आठ ता—"

"थँक्यू!" काकूंनी ग्लास त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावला. "थँक्यू, थँक्यू. जा तुम्ही."

या गडबडीत विमान जमीन सोडून वर आलं होतं. काकूंना ते कळलंसुद्धा नाही.

पुढची गंमत अशी, की त्यांना सूर्यानं साथ दिली. विमान पश्चिमेला चाललं होतं, म्हणजे सूर्य जिकडे जातो तिकडेच. त्यामुळे ऊन जागचं जेमतेम सरकत होतं. दुपार होता होईना. घड्याळ नाही, पडदा नाही, आणि बाहेर कायम सकाळ. वेळ चोरायला यापेक्षा चांगली जागा सापडली नसती.

पण कडेच्या माणसानं झोपण्यापूर्वी आपल्या पडद्यावर नकाशा लावून ठेवला होता. निळ्या रंगावर एक चिमुकलं विमान. काकांनी डावीकडे मान वळवली तर सगळं दिसणार. म्हणून काकूंनी त्यांना उजवीकडे, आपल्याकडे, वळवून ठेवलं. त्यासाठी बोलणं भाग होतं. त्या बोलत राहिल्या. लेकीच्या लहानपणाचं बोलल्या, मामाच्या न जुळलेल्या लग्नाचं बोलल्या, पहिल्या भाड्याच्या खोलीत छताला पृथ्वीगोल टांगून वाळवायचे आणि झोपताना डोक्यावर आठ-दहा जगं डुलायची, ते बोलल्या. काका ऐकत होते, मध्येच एखादी तारीख दुरुस्त करत होते. घरात दोघं इतकं सलग कधी बोलली होती, आठवत नव्हतं.

मधून मधून काका विचारत, "खाली काय आहे?"

काकू खिडकीतून वाकून बघत. खाली ढग फाटलेले असत आणि त्यांच्यामधून करडं, सुरकुतलेलं पाणी दिसे. न संपणारं.

"ढग आहेत," त्या सांगत. "नुसते ढग."

"किती वेळ झाला असेल?"

"दोनेक तास."

मग जेवण आलं. मग चहा आला. काका म्हणाले, "आता?"

"तीन झाले असतील."

"आणि खाली?"

काकूंनी पुन्हा वाकून पाहिलं. या वेळी ढग अजिबात नव्हते. "ढग," त्या म्हणाल्या.

असं डझनभर वेळा तरी झालं. शेवटी शेवटी तर त्या विचारण्याआधीच बघून ठेवत, म्हणजे उत्तर पटकन देता येईल.

त्या चौथ्या तासावर आल्या आणि चारवरच थांबल्या. पाच म्हटलं तर पोचायला हवं होतं. "चारला थोडे कमी," "चारच्या आसपास," "चार म्हणायला हरकत नाही" असं त्यांनी बराच वेळ रेटलं. तेवढ्यात कडेचा माणूस जागा झाला, डोळ्यांवरची पट्टी वर केली, पडद्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्याला बरं वाटावं म्हणून मोठ्यानं म्हणाला,

"वा! सहा तास झाले. आता दोनच राहिले."

काकूंनी डोळे मिटून घेतले. 

"माहितीय," काका म्हणाले.

काकूंनी डोळे उघडले. "काय माहितीय?"

"आठ तास ते. तो गोल अकरा फाकांचा आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तापातून उठून कारखान्यात गेलो त्या दिवशी. खळीचे डबे झाकत होतो. मागं गुंडाळी होती, एकतीस अटलांटिक." काकांनी खुर्चीचा पट्टा उगाच सैल करून पुन्हा आवळला. "तुझ्या भावाला लपवायची अक्कल नाही. समुद्र लपवायचा तर तो निदान माझ्या डब्यांपासून लांब तरी लपवायचा."

"म्हणजे रविवारी दोरा लावलात तेव्हा..."

"हो. जन्मात एकदाच खोटं माप घेतलंय मी. हिशेबसुद्धा मोठ्यानं सांगितला. तुला आत ऐकू जावा म्हणून."

"पण कशासाठी?" काकूंचा आवाज वर गेला. कडेचा माणूस पट्टी पुन्हा डोळ्यांवर ओढून स्वस्थ पडला. "स्वतःला कोण फसवतं असं?"

"स्वतःला कुठं? तू पाच तासांना हो म्हणालीस ना."

"मी हो म्हणायचा काय संबंध? पाण्याची भीती तुम्हाला..."

काका समोरच्या अभ्र्याकडे, त्याच्या बारीक, सरळ टाक्यांकडे बघत राहिले.

 काकूंना बोटीचा कठडा आठवत होता. रंग उडालेला, ओला, लोखंडी. खलाशी आला होता हे खरं. त्यानं एकेक बोट सोडवलं होतं. त्या बोटांत नवी अंगठी होती, आणि ती रुतत होती. ती बोटं काकूंचीच होती. किनाऱ्यावर उतरल्यावर सासरच्या माणसांपुढं काका म्हणाले होते, "येताना आपण बसनं येऊ. मला पाणी मानवत नाही." नव्या नवरीची फजिती झाकायला म्हणून ते तेव्हा म्हणाले होते. मग काकूंनी तीच गोष्ट सांगितली. एकदा, दोनदा, दर पाहुण्याला. सांगताना बोटं बदलत गेली. इतक्यांदा सांगितली की शेवटी त्यांनाच ती तशी आठवायला लागली. आणि काका दर वेळी शेजारी बसून मान हलवत राहिले. लेकीनं बोलावलं की काकूंना स्वयंपाकघरात काहीतरी आठवायचं, आणि बाहेरून काकांचा आवाज यायचा: "तुला माहितीय ना माझं पाण्याचं."

"मामानं तुला खरं सांगितलं हे मला त्याच रात्री कळलं," काका म्हणाले. "तुझे हात गार होते. म्हटलं, झालं, आता ही यायची नाही. तर तू सकाळी उठून अभ्रे शिवायला घेतलेस."

"तुमच्यासाठी!"

"हो ना. म्हणून मी गप्प बसलो. मला सांभाळताना तुझी भीती तू विसरलीस. सहा तास झाले, तू पाण्याच्या अंगाला बसलीयस. खिडकीशी. डझनभर वेळा खाली बघितलंस."

काकूंनी खिडकीकडे पाहिलं नाही. आता मात्र त्यांना ते पाणी कळलं. पायाखाली, खूप खोल, सगळीकडे. तळवे गार पडायला लागले. त्यांनी काकांचा हात शोधला आणि धरला. घट्ट, कठड्यासारखा.

"किती राहिलं?" त्यांनी विचारलं.

"एक तास," काका म्हणाले.

दोन राहिले होते. ते काकूंना माहीत होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

विमान उतरलं तेव्हा काकांच्या हातावर चार बोटांचे वळ होते. बाहेर काचेच्या दारापाशी लेक उभी होती, शेजारी एक उंच, गोंधळलेला मुलगा फुलं घेऊन. ती धावत आली, दोघांना एकदम मिठी मारली आणि मग बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघू लागली.

"बाबा! आलात! आठ तास होते हो, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. खूप भीती वाटली का?"

काका नेहमीप्रमाणे मान हलवायला लागले.

"त्यांना नाही," काकू म्हणाल्या. "भीती मला वाटते. पहिल्यापासून मलाच वाटते. बोटीवरसुद्धा मीच होते."

लेक आईकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले, आणि ती हसायला लागली.

"बघितलंस?" ती त्या मुलाला म्हणाली. "सांगत होते ना तुला. बाबांची लाज राखायला आई काहीही बोलेल."

"अगं, खरंच सांगतेय मी!"

"हो गं हो." लेकीनं काकांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. "काळजी करू नका, बाबा. परत जाताना वारा पाठीमागून असतो. तास-सव्वा तास कमी लागेल तुम्हाला."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग वळ उठलेला हात कोटाच्या खिशात घातला.

"तेवढंच बरं," ते म्हणाले.